रताळं आधी, वाटाणा नंतर

पिस्तुलाने पुन्हा नुसतंच ‘टक’ केलं, गोळी सुटलीच नाही. तीस काडतुसांत सातव्यांदा. मी नळी मातीच्या बांधाकडेच धरून थोडं थांबले, मग पिस्तूल रिकामं करून मेजावर ठेवलं.

“किती सुटे भाग बदललेस?” ट्वायला मावशीने विचारलं. अमेरिकेतल्या आयडाहोच्या आमच्या खोऱ्यात पिस्तूल बिघडलं की लोक माझ्या या मावशीकडे येतात. तिच्या दुकानामागेच हा बांध आहे.

“पाच.”

“एकदम?”

“एकदमच. विनी झोपली होती, तेवढ्यात बसवून टाकले.”

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. म्हणजे आता बोलणी खायची.

विनी सात महिन्यांची आहे. पोटात होती तेव्हापासून मी बंदुकीला हात लावला नव्हता. शिशाची धूळ बाळाला वाईट. आणि आता दहा दिवसांवर आमच्या नेमबाजी क्लबची निवड-स्पर्धा आली होती. राज्य-स्पर्धेच्या संघात चार जागा, तीन भरलेल्या. कप्तान हॉलिसने स्पष्टच सांगितलं होतं, “पहिल्या दहात ये, चौथी जागा तुझी. नाही आलीस तर पुढच्या वर्षी बघू, डेला.” मला पुढचं वर्ष नको होतं. विनी माझी आहेच, पण हेही माझंच होतं.

अडचण अंगठ्याची. पोरीला दिवसभर उचलून डावं मनगट अंगठ्याच्या बाजूने ठणकायचं. म्हणून मी मागवले: हलका चाप, काडतुसावर आपटणाऱ्या पिनची हलकी स्प्रिंग, स्लाईडची (पिस्तुलाचा वरचा, मागे ओढायचा भाग) हलकी स्प्रिंग, गोळ्यांचं मॅगझिन पटकन आत जावं म्हणून मुठीखाली रुंद तोंड, आणि समोर नेम धरायला चमकता हिरवा ठिपका.

“दुखतं काय तुझं?” मावशी म्हणाली.

“अंगठा.”

“आणि चाप कशाने ओढतेस?”

“तर्जनीने.” बोलता बोलताच मला हसू फुटलं.

“वा! अंगठ्याला दुखणं आणि तर्जनीला औषध. कोणत्या डॉक्टरने दिलं गं?”

हात पुसायला मी पिशवीतून फडकं ओढलं, तर विनीची वही खाली पडली. मावशीने उचलली आणि मोठ्याने वाचायला लागली. “‘सोमवार ते बुधवार रताळं. पुरळ नाही. गुरुवार ते शनिवार वाटाणा. थोडा गॅस.’ हे काय?”

“नवीन खाणं एकेक द्यायचं असतं. तीन दिवस थांबायचं. नाहीतर काय बाधलं ते कळणार कसं?”

मावशीने वही मिटून पिस्तुलाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

“कळलं,” मी म्हणाले.

“काय कळलं?”

“पोरीला एकेक घास, आणि याला पहिल्याच दिवशी पंगत वाढली.”

“शहाणी आहेस. उशिरा, पण आहेस. एक भाग, शंभर गोळ्या, मग दुसरा. चल, सगळं मूळचं बसव.”

मग रोज दुपारी विनी झोपली की माझा नवरा कोल्बी तिच्यापाशी बसायचा आणि मी बांधावर. तिची झोप छोटी, त्यामुळे शंभर गोळ्यांना दोन-तीन दुपारी लागायच्या. हिरवा ठिपका: शंभर गोळ्या, काही तक्रार नाही. स्लाईडची हलकी स्प्रिंग: शंभरच्या शंभर सुटल्या, आणि स्लाईड मागे ओढताना पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. रुंद तोंडही पचलं. पिनची हलकी स्प्रिंग मात्र तेविसाव्या गोळीला ‘टक’. मावशीने काडतुसाचं बूड उन्हात धरलं. पिनची खूण पुसट, जेमतेम चाटून गेल्यासारखी.

“हे बाधलं,” मी म्हणाले आणि ती स्प्रिंग काढून डबीत टाकली. हलक्या चापाला शंभर गोळ्या द्यायला दिवसच उरला नाही. तोही डबीत गेला.

शनिवारी स्पर्धेचे पाच टप्पे झाले तेव्हा मी अकरावी होते. एकही गोळी अडली नव्हती, पण पाय जड झाले होते. सेजब्रशच्या झुडपाच्या सावलीत हॉलिस आला, हातात इवलीशी पुडी.

“डेला, तुझा चाप अजून कारखान्यातलाच? हे घे, माझ्याकडचा हलका संच. पंचपक्वान्न आहे. दहा मिनिटांत बसतो. शेवटच्या टप्प्यात अर्धा सेकंद तरी वाचेल.”

मन चाळवलं, खोटं कशाला बोलू? अर्धा सेकंदच तर हवा होता.

“माझ्या पिस्तुलाने तो अजून खाल्लेला नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“वाटाणा आहे तो, हॉलिस. आज नको.”

तो मावशीकडे बघायला लागला. मावशी रानटी हकलबेरीची पेस्ट्री खाण्यात गुंग असल्याचं सोंग करत होती.

शिटी वाजली. नेमाच्या आठ लोखंडी पाट्या, मग धावत भिंतीमागे, मॅगझिन बदल, आणखी आठ. हिरवा ठिपका जिथे टेकला तिथे पाटी पडली. मॅगझिन रुंद तोंडातून घसरत गेलं, अंगठ्याला जोरच लावावा लागला नाही. चाप जड होता, पण ओळखीचा होता. कुठे सुटणार ते बोटाला ठाऊक होतं, म्हणून मी पिस्तुलाचा विचार केलाच नाही, फक्त पाट्या बघितल्या. सोळाच्या सोळा.

फळ्यावर माझं नाव नवव्या ओळीत आलं. हॉलिसने संघाचा शर्ट माझ्या खांद्यावर टाकला. “पुढच्या वेळी तो वाटाण्याचा अर्थ सांग,” म्हणाला.

विनी लांब गाडीपाशी कोल्बीच्या कडेवर होती, कानांवर आवाज अडवणारी लाल झाकणं, मला बघून दोन्ही हात पुढे. पण मी आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, घामेजला शर्ट काढून तोच नवा कोरा घातला. मगच तिला घेतलं. तिने लगेच त्याची कॉलर तोंडात घातली.

मावशीने तेवढ्यात पिशवीतून वही काढून काहीतरी खरडलं होतं. वाटाण्याच्या खाली तिचं गिचमिड अक्षर: ‘पिस्तूल. तीन पदार्थ पचले. एक बाधला. एक राहिला, घाई नाही.’

त्याखाली मी लिहिलं, ‘उद्यापासून अंडं.’