गोड पाण्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दूधबाटली आहे. माझ्या अंगावरच्या मापाच्या रेघा पुसट झाल्या आहेत, रबरी बोंडले पिवळे पडले आहे. आपली गोष्ट सांगताना बाकीच्या वस्तू छाती फुगवतात; मी मात्र मान खाली घालूनच सांगणार आहे.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी अगदी लख्ख होते. औषधांच्या दुकानातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आणले. ती घरीच शाळेचे गणवेश शिवायची. तिची आठ महिन्यांची पिटुकली मशीनशेजारच्या चटईवर रांगायची आणि माझ्यातले दूध प्यायची.

शाळा उघडायला आठवडा उरला, गणवेशांचा ढीग वाढला आणि पिटुकली रडायची थांबेना. मदतीला आलेली आत्या म्हणाली, "वहिनी, थोडं संत्र्याचं सरबत घाल गं बाटलीत. बघ कशी गप्प बसते!"

ती खरोखरच गप्प बसली. मग रोजच सरबत सुरू झाले. तिचे इवलेसे हात मला घट्ट धरत आणि मी हुरळून जाई.

बाळ रोज किती पिते ते लिहायला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक तक्ता दिला होता. आई माझ्या रेघा बघून आकडे लिही. काय पिते, असा रकाना त्यात नव्हताच. "वा, छान पिते की!" नर्सबाई म्हणाल्या. आईचा चेहरा खुलला. मला सगळे ठाऊक होते, तरी ते कौतुक मीही गिळले. त्याची आजही लाज वाटते.

पुढे मला वरच्या फळीवर ठेवले. तिथून मी बघत होते. पेल्यात पाणी दिले की पिटुकली तोंड फिरवी. "शी, फिक्कं आहे!" शाळेतही तिला सरबतच लागे. सहाव्या वर्षी तिचे पुढचे दात काळे पडले, दाढ ठणकू लागली. वर्गाच्या फोटोत ती ओठ मिटून उभी राहिली. बोल कोणाला लावणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग तिला भाऊ झाला. तो सात महिन्यांचा झाल्यावर मला उकळून पुन्हा कामाला लावले. एका दुपारी तो रडू लागला. पिटुकलीने मायेने आपल्या पेल्यातले सरबत माझ्यात ओतले. मी लाजेने अर्धमेली झाले.

"आई, ह्याला माझं सरबत देते. मग रडणार नाही तो."

मशीन थांबले. आई धावत आली. "नको गं राणी! तुला दिलं तेच चुकलं माझं."

"म्हणून माझी दाढ दुखते?"

"हो गं. माझ्यामुळे."

आईने मला मोरीत रिकामे केले, बाळाला खांद्यावर घेतले आणि दोन पेले पाणी भरले. एक स्वतःला, एक लेकीला. पिटुकलीने एक घोट घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि पेला खाली ठेवला.

मित्रांनो, घरातल्या तान्ह्याच्या बाटलीत गोड सरबत घालू नका, कोणी घालत असेल तर हात धरा. आईने निदान चूक कबूल केली. मला तर तिच्यापुढे तेही जमत नाही. सवय लावायला मी पुढे होते. मोडायचे कष्ट मात्र ती एवढीशी पोर रोज घोटाघोटाने करते आहे.