पाहुण्याला पासवर्ड कसला

लातुरात आमच्या अप्पांचं वधूवर सूचक केंद्र आहे. ‘संगप्पा एक इंचसुद्धा वाढवून सांगत नाही,’ एवढीच त्यांची तीस वर्षांची कमाई. यंदा मेळाव्याआधी चारशे स्थळं वह्यांतून संगणकावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केल्याची शिक्षा, दुसरं काय!

डेटाबेस बसवला. तो येतानाच दोन खाती घेऊन आला, अ‍ॅडमिन आणि गेस्ट. अ‍ॅडमिनचा पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’च होता, तो लगेच बदलला. सगळी माहिती आणि तिची रोजची प्रत एकाच डिस्कवर ठेवायचा त्याचा बेत होता, म्हणून प्रत दुसऱ्या डिस्कवर वळवली. राहिलं गेस्ट.

“अप्पा, हे गेस्ट बंद करते.”

“गेस्ट म्हंजे?”

“पाहुणा.”

अप्पांनी चष्माच काढला. “पाव्हण्याला बंद? अगं, पाव्हण्यासाठीच तर केंद्र काढलंय! आन् पाव्हण्याला पासवर्ड कसला?”

वाद घालून दमले आणि गेस्ट तसंच सोडलं. त्याला बदल करायचीही मुभा होती, हे मी बघितलंच नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी यादी छापली. शिरूर अनंतपाळपासून हिमायतनगरपर्यंत एकही मुलगा पाच फूट दहाच्या खाली नव्हता. एक गृहस्थ महिन्याभरात सहा वर्षांनी लहान झाले होते. पाहुणे आमच्याच संगणकावर बसून आपापलं स्थळ सजवून गेले होते.

अप्पांनी यादी टेबलावर पालथी ठेवली. “तीस वर्सांचं नाव गेलं की गं.”

मला रडूच आलं. बदलांची नोंद उघडली, तर सगळीकडे गेस्ट. फक्त एक स्थळ गेस्टनं खाली आणलं होतं, ते माझं. मी लिहिलं होतं, ‘स्वभाव शांत’. आता तिथे होतं, ‘तापट, पन खरी’. वेळ सकाळी सातची. केंद्र दहाला उघडतं आणि किल्ली अप्पांकडे असते.

“हे तुम्ही केलं?”

“हाव, म्याच. घरच्या स्थळाला येगळा नियम न्हाई.”

“मी तापट?” असं मी ओरडले, तेव्हा शेजारच्या दुकानातली रत्नम्मा डोकावून गेली.

दुसऱ्या डिस्कवरची, स्थळं चढवून झाली त्या दिवसाची प्रत परत आणली. मुलं पुन्हा बुटकी झाली, गृहस्थांचं वय परत आलं, अप्पांचा जीव भांड्यात पडला. आणि मी पुन्हा शांत झाले.

गेस्ट बंद केलं. मग माझ्या नावाचं नवं खातं काढलं, माझ्या पासवर्डनं आत गेले, ‘शांत’ खोडलं आणि अप्पांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ‘पन’सुद्धा सुधारलं नाही.