पांगरीच्या ठेसनावरचा फोटो

गहिनीनाथ देवकते धारूर आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांची बायको मंगल म्हणायची, जन्मभर एसटीचं खाल्लं आणि गुण गायले रेल्वेचे, असला माणूस आपण दुसरा बघितला नाही.

त्यांचा बाप मेंढ्या घेऊन उन्हाळ्यात कळंबाकडं उतरायचा. सात-आठ वर्षांच्या गहिनीनाथांनी तिथं पहिल्यांदा बार्शीची छोटी रेल्वे बघितली. मेंढ्या रुळावर पसरल्या तशी गाडी थांबली. ड्रायव्हर रागावला नाही. खाली वाकून त्यानं बापाकडं तंबाखूला चुना मागितला, तो मळला, आणि शेवटची मेंढी पलीकडं गेल्यावर गाडी हाकली. त्या दिवशी लागलेलं वेड पुढं सुटलंच नाही. बार्शीच्या एसटीवर ड्युटी मिळाली तेव्हा ते प्रवाशांना विचारू लागले, "घरात कुनी रेल्वेत व्हतं का? जुना फोटू हाय का?" कुणी ट्रंकेतून काढून दिला, कुणी भंगारात सापडलेला आणून दिला. एकेक करत तीनशेच्या वर फोटो जमले. छोट्या रेल्वेचे रूळ उखडून मोठे आले, ते स्वतः निवृत्त झाले, तरी फोटो येतच राहिले. प्रत्येकाच्या मागं ते पेन्सिलीनं लिहून ठेवत: ठिकाण, साल, इंजिनाचा नंबर.

एका फोटोनं मात्र त्यांना छळलं होतं. बारा वर्षांपूर्वी बार्शीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या रद्दीत तो मिळाला. नुकतंच रंगवलेलं चकाचक इंजिन, मागं लिंबाचं झाड आणि इंजिनापुढं ओळीनं उभी सहा माणसं. त्यातला झेंडा धरलेला माणूस नेमका नंबराच्या पाटीपुढं उभा होता. भिंग लावून बघितलं तरी त्याच्या खांद्याआडून एकही आकडा दिसत नव्हता. "ह्यो बाबा जरा सरकला असता तर काय बिघडलं असतं," असं ते मंगलला कितीदा तरी म्हणाले होते. फोटोच्या मागं त्यांनी नुसतं 'अज्ञात' लिहिलं होतं.

दिवाळीनंतर त्यांनी तो फोटो मोबाइलवरच्या रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आठवड्यानं तेलगावहून एका मुलीचा फोन आला.

"काका, मी योगिता बोलते. तुमचा फोटू फिरत फिरत आमच्याकडं आलाय. आमची आजी म्हनती, झेंडेवाले आमचे आजोबा हायत. त्यांचा एकबी फोटू न्हाई घरात. ती लई मागं लागलीय, तुमचा खरा फोटू बघायचाय म्हनती."

गहिनीनाथांनी जपून उत्तर दिलं. अस्सल फोटो घराबाहेर द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा दिलेला एक फोटो परत आला नव्हता आणि त्याची चुटपुट अजून होती. "मोठी कॉपी करून आनतो," ते म्हणाले.

फ्लेक्स छापणाऱ्या युवराजनं कॉम्प्युटरवर कॉपी करून दिली. भिंतीवर लावण्याएवढी मोठी, चौकटीसकट. इंजिन असं झळकत होतं की गहिनीनाथ खूश झाले. निघताना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी अस्सल फोटोही वहीत घालून पिशवीच्या तळाशी ठेवला.

तेलगावात योगिताची आजी वच्छलाबाई ओसरीवर वाटच बघत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, पण नजर पक्की. त्यांनी चौकट मांडीवर घेतली, उजेडाकडं धरली आणि बराच वेळ बघून विचारलं, "ह्यो कोन?"

"आजी, आजोबा न्हाईत का?" योगिता म्हणाली.

"ह्यो गोरापान मानूस आमचा न्हाई. आमचं मानूस कोळशावानी काळं व्हतं. आन गालावर खड्डे व्हते देवीचे."

तेव्हा गहिनीनाथांना उमगलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यांना गोरं करायची युवराजला सवय. सवयीनं त्यानं या सहाही जणांना धुऊन काढलं होतं. गहिनीनाथांनी फक्त इंजिन बघितलं होतं. ते ओशाळले. पिशवीत हात घालून त्यांनी अस्सल फोटो काढला.

वच्छलाबाईंनी तो पोस्टकार्डाएवढा फोटो तळहातावर घेतला. मग फोटोतल्या एका माणसावर नुसता अंगठा टेकवला.

"ह्येच. डाव्या हातात झेंडा बगा. उजव्याची दोन बोटं रुळाच्या सांध्यात गेलती."

"बद्रीनाथ नाव होतं आजोबांचं," योगितानं हळूच सांगितलं. आजी ते नाव अजून घेत नव्हती.

"मावशी, गाव कोनतं हे?" गहिनीनाथांनी विचारलं.

"पांगरी. लिंबाच्या मागं आमची खोली. धाकला लेक तितंच झाला, त्याच साली काढलाय ह्यो फोटू. मी दारातून बगत व्हते." आणि त्या सांगू लागल्या. इंजिन नवं रंगवलं म्हणून हापिसानं बार्शीचा फोटोवाला पाठवला होता. ही सहा माणसं आंघोळी करून, डोक्याला तेल लावून पुढं उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, बाजूला व्हा, साहेबाला नुसतं इंजिन पाहिजे. "तर आमचं मानूस म्हनलं, रोज ह्याला पुसतो आमी, पानी पाजतो आमी. आदी आमचा काढ, मग झेंडा दावतो. तवर गाडी हलत न्हाई. फोटोवाल्यानं काढला एक. पर कुनाला दिला न्हाई कदी. आमाला वाटलं, नुसतंच खटकन वाजिवलं त्यानं."

गहिनीनाथ हसू लागले. बारा वर्षं ज्याला ते सरक म्हणत होते, तो माणूस मुद्दामच तिथं उभा होता.

"इंजिनाचा नंबर काय होता?"

"नंबर कुनाला ठावं? सगळे लंगडी म्हनायचे. चढाला लागली की लंगडायची."

मग त्यांनी बाकीच्या पाचही जणांची नावं सांगितली. कोण कुठला, कुणाचा आवाज गोड, कोण भाकरी चोरून खायचा. गहिनीनाथांनी सगळं वहीत उतरवलं. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, दोनदा चहा झाला, तरी फोटो वच्छलाबाईंच्या हातातच होता. शेवटी त्या म्हणाल्या, "योगे, कातर आन."

"कशाला आजी?"

"इंजिन ह्या भाऊंना, आपलं मानूस आपल्याला. त्येंचाबी लई जीव हाय त्येच्यावर, सगळाच कसा मागावा?"

योगिता उठतेय बघून गहिनीनाथांनी घाईनं हात पुढं केला. "न्हाई मावशी, कापू नका. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. सगळा."

म्हणून तर बसले, पण बसस्टँडवर जाईपर्यंत त्यांना पिशवी हलकी लागत राहिली. धारूरचा घाट चढताना वही उघडून त्यांनी सहा नावं पुन्हा वाचली. तीनशे फोटोंतल्या दुसऱ्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं; आणि वाईट वाटण्याऐवजी, आता लई काम पडलंय, असं वाटून बरं वाटलं.

"दिला का फोटू?" दारातच मंगलनं विचारलं.

"दिला."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. हा माणूस चिडलेला दिसेना, उलट भूक लागलीय म्हणत होता. तिनं तवा चढवला. हातपाय धुऊन ते चुलीपाशी बसले आणि पांगरीच्या ठेसनावर भाकरी चोरून खाणाऱ्या गड्याची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगू लागले.