दोन मुठींची करवत

मित्रांनो, ओदिलियाच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर आडवी टांगलेली ही पुरुषभर लांबीची, चार दात पडलेली म्हातारी म्हणजे मी. जातीने करवत. फुलपाखरं बघायला आलेले पाहुणे इथे जेवायला बसतात, मला बघून "केवढी ही!" म्हणतात आणि पुन्हा जेवायला लागतात. कौतुक इतपतच असावं. त्याने गंज चढत नाही.

मी एकटीने चालत नाही. दोन टोकांना दोन लाकडी मुठी आणि दोन मुठींना दोन माणसं. नियम एकच: आपली पाळी आली की ओढायचं, दुसऱ्याची आली की सैल सोडायचं. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातं वाकतं, अडकतं आणि मग दोघे एकमेकांच्या आईचा उद्धार करतात. माझ्या मुठी धरणाऱ्या नाबोर आणि इलारियो यांची तेवढीही सोय नव्हती, कारण दोघांची आई एकच होती.

ती डोन्या पेत्रा. दुपारी मक्याच्या भाकऱ्या आणि घेवडा घेऊन रानात यायची. मुलांना वाढायच्या आधी माझ्या पात्यावर चरबीचं बोट फिरवायची. "हिला उपाशी ठेवलंत तर तुम्हीही राहाल," म्हणायची. मिचोआकानच्या या डोंगरात आम्ही तिघांनी पुष्कळ ओयामेल पाडले. उंच, सुयांसारख्या पानांची ती झाडं. मी पश्चात्ताप वगैरे करणार नाही. करवतीला कापायलाच बनवतात.

पण त्याच झाडांवर केशरी फुलपाखरं हिवाळा काढतात. दूर उत्तरेकडून येतात, तीही नेमकी आम्ही थडग्यांवर झेंडू घालतो त्या दिवसांत. ती कोण, हे इथे कोणी विचारत नाही. आपलीच गेलेली माणसं असतात. एवढ्या लांबून परकं कोण कशाला येईल?

झाडं विरळ झाली तसा थंड वारा रानात शिरला आणि फुलपाखरं गळून पडू लागली. मग गावाने सभा भरवली आणि वरच्या रानात कोणी कुऱ्हाड न्यायची नाही असं ठरवलं. इलारियोने पहिला हात वर केला.

"आणि खायचं काय?" नाबोर म्हणाला. "फुलपाखरांचं कालवण?"

सगळे हसले. इलारियो हसला नाही. तो राखणदार झाला, आणि राखणदाराला हसून चालत नाही. त्याच हिवाळ्यात नाबोरने मोटारीवर चालणारी करवत मागून आणली आणि एक झाड पाडलं. इलारियो वाटेत आडवा उभा राहिला आणि सख्ख्या भावाला अख्ख्या गावासमोर चोर म्हणाला.

पुढे आई गेली. वाटणीत मी इलारियोकडे आले. निघताना नाबोरने माझी एक मूठ उपटली.

"पातं तुझं, मूठ माझी. ओढ आता एकटाच!"

झालं. अबोला पडला, आणि माझी नेमणूक भिंतीवर झाली. दर वर्षी झेंडूच्या त्या दिवसांत, गेलेल्या आईने घरी यावं म्हणून, दोन्ही भाऊ आपापल्या घरी दिवे मांडत, पाव ठेवत, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट आपल्याच उंबऱ्यापर्यंत काढत. इलारियोची बायको ओदिलिया म्हणायची, "सासूबाई बिचाऱ्या वरच घिरट्या घालतात. एकाकडे उतरल्या तर दुसरा रुसेल."

मी झोपायचे. धुरात, मक्याच्या वासात. स्वप्नात मी लाकूड कापत नसे, धुकं कापत असे. ओढलं की धुक्याचे दोन तुकडे होत, सोडलं की पुन्हा एक. दुसऱ्या टोकाला कोण आहे ते मात्र कधी दिसलं नाही.

मग एका फेब्रुवारीत वादळ आलं. वरच्या रानात एक ओयामेल मुळापासून उखडला आणि शेजारच्या झाडावर रेलला. त्या शेजाऱ्याच्या फांद्या फुलपाखरांच्या घोसांनी वाकल्या होत्या. गारठलेली, वाळक्या पानांसारखी गप्प. वारा पुन्हा सुटला असता तर दोन्ही झाडं कोसळली असती. गारठलेलं फुलपाखरू उडत नाही, नुसतं पडतं.

"मोटारीची करवत लाव," कोणीतरी म्हणालं.

"आणि ती थरथरली की? पेरू झडल्यासारखी सगळी खाली येतील," इलारियो म्हणाला आणि माझ्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिला. मूठ काय, दुसरीही तासता आली असती. पण तिला धरणारा तासता येत नाही.

ओदिलिया नाबोरकडे गेली. पुढचं मला मुठीने सांगितलं. नाबोरने तिची कोंबड्यांच्या खुराड्याला खुंटी केली होती.

"भावजी, ती मूठ द्या. आणि तुम्हीही चला."

"मी चोर ना? चोराकडे राखणदाराच्या बायकोचं काय काम?"

"चोर आहात की नाही ते देव बघेल. करवत सरळ ओढता, ते मी बघितलंय."

"कोंबड्या मोकळ्या सुटतील."

"सुटू देत. झाड कोसळलं, तर यंदा सासूबाई त्याच्यावर नव्हत्या असं छातीवर हात ठेवून सांगाल?"

नाबोरने खुंटी उपसली. कोंबड्या गावभर झाल्या.

सकाळच्या धुक्यात गावकऱ्यांनी रेललेल्या झाडाला दोर बांधले आणि ते ताणून उभे राहिले. भाऊ माझ्या दोन टोकांना बसले. पहिल्याच ओढीला मी अडकले.

आता, त्या रानात मोठ्याने बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. त्यामुळे इतक्या वर्षांचं तुंबलेलं भांडण दोघांना कुजबुजत करावं लागलं.

"ढकलू नकोस," नाबोर कुजबुजला.

"मी कुठे ढकलतोय?"

"चोर म्हणालास तेव्हापासून ढकलतोच आहेस."

"झाड पाडलं होतंस तू!"

"हळू बोल. आई उठेल."

इलारियोला हसू आलं. कुजबुजत शिवी देता येते मित्रांनो, पण ती लागत नाही. त्याचा हात सैल पडला आणि मी सरकले. मग ओढ आणि सोड, ओढ आणि सोड. भुसा पडत राहिला, तोही बिचारा आवाज न करता. शेवटी खोड सुटलं, दोर हळूहळू सैल झाले आणि ते झाड दुसऱ्या बाजूला, झोपलेल्या मुलाला खाली ठेवावं तसं टेकलं. चार-दोन फुलपाखरं गळली. बायकांनी ती टोपीत उचलून झुडपांवर ठेवली.

मग ऊन आलं. फांद्यांवरची वाळकी पानं एकदम केशरी झाली आणि पीठ चाळावं तसा आवाज रानभर सुटला. गवतावर ठेवलेलं माझं पातं तापलं. एक फुलपाखरू खाली आलं आणि माझ्यावर पंख पसरून बसलं. या टोकाला नाही, त्या टोकालाही नाही. बरोब्बर मध्यावर, जिथे चरबीचं बोट फिरायचं.

दोघे भाऊ बघत राहिले. ओदिलिया एवढंच कुजबुजली, "टेकल्या एकदाच्या."

तेव्हापासून माझी दुसरी मूठ जागेवर आहे. नाबोरच्या खुराड्याला सुतळी आहे. वादळाने पाडलेलं झाड वाटेतून हलवायचं असलं की दोघे मला उतरवतात, चरबी लावतात आणि रानात नेतात. उभ्या झाडाला मात्र मी नंतर कधी दात लावला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या आसपासची झाडं राखा. कोण कुठून येऊन त्यांच्यावर टेकतं, ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि आपली एखादी मूठ कोणाच्या खुराड्याला अडकली असेल, तर जाऊन मागा. जमलं तर कुजबुजत.