पहिला स्फटिक

सरांनी काचेची कांडी फ्लास्कच्या आतल्या बाजूला पुन्हा एकदा घासली. काच किरकिरली. निळं द्रावण मात्र लांबलेल्या भाषणाला बसलेल्या माणसासारखं ढिम्म राहिलं.

“असं खरवडल्यावर स्फटिक येतात?” स्टुलावर बसलेल्या पाहुणीने विचारलं.

“यायचे. जुन्या इमारतीत तर नुसती कांडी हातात घेतली तरी यायचे.”

पाहुणीने मान डोलावली. तीही रसायनशास्त्रज्ञच, दुसऱ्या शहरातून मुद्दाम आलेली. गोगलगाईच्या रक्तात तांबं ऑक्सिजन वाहून नेतं. तीच करामत करणारं तांब्याचं एक संयुग सरांनी तरुणपणी बनवलं होतं, आणि पुढची सगळी कारकीर्द त्याच्या सुईसारख्या स्फटिकांवर उभी होती. अडचण एवढीच, की ते स्फटिक सरांखेरीज कोणालाच जमत नसत. इतरांच्या फ्लास्कात डिंक व्हायचा. पूर्वी लोक याला सरांचा हातगुण म्हणत. हल्ली ‘इंटरेस्टिंग’ म्हणू लागले होते. त्या शब्दाचा अर्थ सरांना नीट माहीत होता. दुसऱ्यांच्या कामाबद्दल तो त्यांनीही सढळ हाताने वापरला होता.

पाहुणीने आधी बी म्हणून एखादा जुना कण मागून पाहिला होता. रस्त्यात एकजण वर बघत उभा राहिला की गर्दी जमते, तसा एक कण पडला की द्रावणातले बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात. सरांनी उत्तर दिलं होतं, “बी लागत नाही, हात लागतो.” म्हणून ती हात बघायला आली. अट एकच: खोलीत जुना स्फटिक नको. सरांनी ती आनंदाने मान्य केली. इमारत नवी, हवा यंत्रातून गाळलेली, अंगावरचा कोटसुद्धा नवा. तीन दिवस झाले, फक्त स्फटिक तेवढे आले नव्हते. आजही आले नाहीत तर ही पद्धत चालत नाही असं तिला छापावं लागणार होतं. तसं तिने सरांना सांगून ठेवलं होतं, माफी मागून.

दार ढकलून सरांची बायको आत आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“अहो, रात्रभर खोकत होतात. या बर्फाच्या कारखान्यात बसायचंच असेल तर हा घाला.” तिने पिशवीतून एक जुना करडा स्वेटर काढला आणि दोन्ही हातांनी सणकून झटकला.

“अगं, फ्लास्क उघडा आहे!”

“मग झाका की. मी काय त्यात मीठ घालतेय?” ती पाहुणीकडे वळली. “नवीन इमारतीत शोभत नाही म्हणून हा माळ्यावर टाकला होता. आधी वर्षानुवर्षं अंगातून निघत नव्हता.”

“काकू, त्याला निळे डाग आहेत.”

“एकदा भिजवला तर बादलीत शाई झाली! घरातले सगळे बनियन निळे. तेव्हापासून मी त्याला पाणी दाखवलेलं नाही. गोगलगाय पाळायची आहे हे लग्नाआधी सांगितलं असतं, तर विचार केला असता.”

पाहुणी हसली नाही. ती स्टुलावरून उठली होती. द्रावणावर केसाएवढी एक निळी सुई तरंगत होती. तिला दुसरी फुटली, दुसरीला चार, आणि बघता बघता फ्लास्क सुयांनी भरून गेला.

“आले की!” बायको म्हणाली. “हेच ना ते?”

पाहुणीने फ्लास्ककडे पाहिलं, मग स्वेटरकडे, मग अत्यंत सभ्यपणे खिडकीबाहेर. सरांनी स्वेटरची बाही चिमटीत धरून चोळली आणि बोटं उजेडात नेली. बोटांवर निळसर धूळ चमकत होती. त्यांनी तो हात खिशात घातला.

“म्हणजे बी लागत होतं,” शेवटी ते म्हणाले.

“इंटरेस्टिंग,” पाहुणी म्हणाली. या वेळी तिला खरंच तसं वाटत होतं.

“काय झालं ते मलाही कळू द्या,” बायको म्हणाली.

पाहुणीने समजावलं: लोकरीत अडकलेले कण, ते वर्षानुवर्षं प्रत्येक फ्लास्कात पडत राहिले असणार. बायकोने पिशवीची घडी घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी हा नीट धुतला असता तर?”

“तर सरांनी दुसऱ्या कशात तरी नाव काढलं असतं.”

बायकोने घडी केलेली पिशवी पुन्हा उलगडली.

“पण मग अगदी पहिल्यांदा? तेव्हा हा स्वेटर कोरा होता. मीच विणला होता, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. घालून गेलात आणि त्याच दिवशी नाचत घरी आलात. तेव्हा बी कुठून आलं?”

पाहुणी पुन्हा फ्लास्कवर वाकली.

“माहीत नाही,” सर म्हणाले.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी ऐकले होते, हे बायकोला आठवेना. तीन दिवस ओढलेला त्यांचा चेहरा मात्र ते म्हणताना चक्क खुलला होता. त्यांनी तिच्या हातून पिशवी घेतली, स्वेटर आत कोंबला, वर गाठ मारली आणि पिशवी पाहुणीकडे दिली.

“हा घेऊन जा. लांब.”

“धुवू नका हं,” बायको म्हणाली.

सरांनी कोट काढून खुंटीला लावला, हात कोपरापर्यंत धुतले आणि शेजारच्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं.

“तू दारातच थांब, तुझ्या हाताला स्वेटर लागलाय,” ते बायकोला म्हणाले. मग खोकत खोकत त्यांनी तिथल्या कपाटातून एक कोरा फ्लास्क काढला, आणि त्यात खरंच काही नाही ना, ते बराच वेळ उजेडात फिरवून बघत राहिले.