हॉलमधल्या फटी

चर्चच्या हॉलमधली मेपलच्या लाकडी फळ्यांची जमीन व्हर्लिनने शरद ऋतूत घातली. जानेवारीत हीटर रात्रंदिवस चालू झाला आणि फळ्यांमध्ये फटी दिसू लागल्या. रविवारी प्रार्थनेनंतर बायका हॉलमध्ये कॉफीला बसल्या, तेव्हा त्यांच्यातल्या मेव्हिसने मुद्दाम चमचा खाली टाकला.

"अर्डिस, उचल गं लवकर! नाहीतर तुझ्या नवऱ्याची जमीन गिळायची त्याला."

सगळ्या हसल्या. अर्डिसही हसली, पण तिचे कान तापले.

घरी व्हर्लिन सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला, "थंडीत लाकूड सुकतं, आकसतं. उन्हाळ्यात दमट हवा पिऊन फुगेल, मिटतील फटी. तिला म्हणावं, जुलैत टाक चमचा."

अर्डिसला पटलं. म्हणजे पटायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी मेव्हिस चमचा हातात घेऊनच बसली होती. म्हणून हॉल झाडायची पाळी आली तेव्हा अर्डिसने गॅरेजमधला पुट्टीचा डबा नेला आणि गुडघ्यांवर बसून एकेक फट लिंपून टाकली. व्हर्लिनला पत्ता लागला नाही. पुरुषमाणसं हॉलमध्ये फिरकत नाहीत, कॉफी कोट टांगायच्या खोलीत उभ्यानेच पितात.

जुलैत मक्याच्या शेतांना घाम फुटला, हवा ओल्या टॉवेलसारखी झाली. फळ्या फुगल्या. फुगून जायला जागाच नव्हती, म्हणून हॉलच्या मधोमध गाईच्या पाठीसारखा उंचवटा आला. कॉफीचं टेबल कललं, लिंबाच्या वड्या घसरल्या.

व्हर्लिनला बोलावून आणलं. तो कसाबसा खाली बसला. चाकूच्या टोकाने त्याने फट उकरली, निघालेला पुट्टीचा चुरा बोटांत चोळला आणि हळूच खिशात टाकला.

"चूक माझी," तो म्हणाला. "फळ्या फुगायला भिंतीशी जागा कमी सोडली."

"मी जानेवारीतच म्हणाले होते!" मेव्हिस म्हणाली.

"खोटं बोलतोय तो," अर्डिस म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "फटी मी बुजवल्या. पुट्टीने."

या वेळी मेव्हिसच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. "म्हणजे, तुलासुद्धा त्याचं काम बिघडलंय असं वाटलं?"

स्वतःवर दोष घेताना व्हर्लिन शांत होता. आता मात्र त्याची मान लाल झाली.

"दुसरा चाकू ट्रकमध्ये आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

ती घेऊन आली, त्याच्या शेजारी बसली. गुडघ्यांखाली घ्यायची गादी एकच होती. त्याने ती तिच्याकडे सरकवली. अर्डिसने परत त्याच्याकडे ढकलली आणि उकरू लागली.