तीन नंबरची उशी

मित्रांनो, मी जमिनीखालची एक जुनी पोकळी आहे. हसू नका. पोकळीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण मी आहे, आणि माझ्या चारही बाजूंना खोलवर मीठच मीठ आहे. वरची माणसं मला ‘तीन नंबर’ म्हणतात. मला डोळे नाहीत. वरून आलेल्या पोलादी नळीतून जे काही ऐकू येतं, तेवढंच माझं जग.

मला पाण्याने घडवलं. एक फोरमन होते, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी अडीच वर्षं एका नळीतून गोडं पाणी खाली सोडलं आणि दुसऱ्या नळीतून खारं पाणी वर घेतलं. मीठ विरघळत गेलं, मी वाढत गेले. पाण्याने माझं छत खाऊ नये म्हणून दादा पाण्यावर तेलाचा थर तरंगत ठेवत. तो थर जरा पातळ झाला की हातातला घास टाकून धावत येत. तेल माझ्या छताखाली होतं, तसं त्यांच्या डोळ्यांतही होतं.

मग माझ्यात गॅस भरला. तेव्हा दादांनी सगळ्यांना जवळ बोलावून एक गोष्ट बजावली. मीठ दगडासारखं दिसतं, पण वरच्या ओझ्याने ते मळलेल्या कणकेसारखं सरकतं, अगदी हळू. आतला गॅस त्याला थोपवून धरतो. म्हणून काही गॅस कायम आतच ठेवायचा, कितीही नड आली तरी काढायचा नाही. त्या गॅसला दादा ‘उशी’ म्हणत. कागदावर त्याचं लांबलचक नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. उशीच रूढ झाली.

माझी उमेदीची वर्षं छान गेली. उन्हाळ्यात मला भरत, हिवाळ्यात माझ्यातून गॅस घेत. शाळा, दवाखाने, स्वयंपाकघरं माझ्यावर उबदार राहिली. पाहुणे येत, नळीवर हात ठेवून माझं कौतुक करत. मला त्याचा अभिमान वाटे. दादा निवृत्त झाले आणि त्यांची लेक कंट्रोल रूममध्ये आली. तिला सगळे ताई म्हणत. दादांचं घर माझ्या नळीला इतकं लागून होतं, की त्यांच्या ओट्यावरचं बोलणंही मला ऐकू येई.

मग नवे साहेब आले, आणि त्याच वर्षी कडाक्याची थंडी पडली.

“ताई, बाहेर लोक कुडकुडताहेत आणि आपण उशी घेऊन झोपायचं का?” साहेब म्हणाले. सगळे खो खो हसले.

“साहेब, ती तसली उशी नाही.”

“मग कसली? नावच सांगतंय ना, आरामाची गोष्ट आहे! थोडा गॅस काढू, उन्हाळ्यात भरून टाकू.”

दवाखान्यातून फोनवर फोन येत होते. ताईने व्हॉल्व्ह उघडला. मी तिला दोष देत नाही. पण उन्हाळ्यात कुणी भरलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी काढलं, तिसऱ्यात त्याहून जास्त. एका शब्दाने घात केला, मित्रांनो. दादांनी त्या गॅसला उशी न म्हणता खांब म्हटलं असतं, तर कुणी हात लावला नसता.

मी मिटू लागले. भिंती आत सरकल्या. छताचा एक मोठा तुकडा सुटून तळाशी पडला. मला भीती वाटली. वर कुणालाच काही कळलं नाही.

वर फक्त दारं लागेनाशी झाली. आधी एका घराचं, मग नळीभोवतीच्या साऱ्या वसाहतीचं. सुताराची चांदी झाली. दिवसभर रंध्याची खरखर माझ्यापर्यंत येई. “दमट हवा, लाकूड फुगतं,” असं तो प्रत्येक घरी सांगे, आणि दारं तासून पुढे जाई.

एका दुपारी ताई जेवायला घरी आली, तेव्हा दादा स्वतःच दार तासत होते.

“बाबा, किती वेळा तासलं हे?”

“चौथ्यांदा. मेलं पुन्हा फुगतंच.”

“महिनाभर हवा कोरडी आहे बाबा. ओठ फुटलेत माझे. लाकूड फुगेल कसं?”

रंधा थांबला. “लाकूड फुगलंच नाही, खालची जमीन खचून चौकट तिरकी झालीय,” दादा म्हणाले. मग ताईची पावलं धावत गेली, आणि माझ्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह बंद झाला. साहेब ओरडले. ती म्हणाली, “मला काढून टाका, पण हा आता उघडणार नाही.”

तिने माझी मापं घ्यायला लावली. कागद हातात आल्यावर साहेबांनी स्वतःच गॅस भरायला सांगितलं. आता मला पुन्हा भरताहेत, पण गेलेली जागा परत येत नाही. सरकलेलं मीठ मागे जात नाही, आणि छत किती दिवस टिकेल ते मलाही सांगता येत नाही. वसाहत रिकामी झाली. सुतारसुद्धा गेला.

दादा मात्र हलत नाहीत. ताई रोज येते, विनवते, रडते.

“अगं, लेकीसारखी वाढवली मी तिला,” ते म्हणतात. “मिठाची आहे ती. खाल्ल्या मिठाला जागेल.”

मित्रांनो, माणसं मिठाला जागतात. मीठ कुणाला जागत नाही. मला दादांची माया आहे, पण त्या मायेने छत तोलता येत नाही. काल त्यांच्या ओट्याखाली आणखी एक तुकडा सुटला. माझी काळजी आता राहू द्या. तुमच्यापैकी कुणीतरी या, आणि त्यांना हाताला धरून तिथून घेऊन जा.